दाबून काढलेलं रक्त

गोंदिया, जि. भंडारा
सोमवार, ता. १९ नोव्हेंबर १९५६

ती. रुख्माबाईला धाकट्या भावाचा, श्यामलालचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही सारे आहोत तसे आहोत. थंडी पडली तशी तुझ्या भावजयीचे, नंदाबाईचे गुडघे पुन्हा धरले. उठताबसता कण्हते आणि तुझ्या हातच्या तेलाची आठवण काढते. तुमचा धान कापून झाला असेल, बांध्यांमध्ये भारे पडले असतील. भाऊजींचा खोकला कसा आहे? थंडीत त्यांना खळ्यावर झोपू देऊ नको.

इथं राज्य बदललं, जिल्हा मुंबई राज्यात गेला म्हणून दवाखान्यातले सारे शिक्के बदलून राहिले. माणसं तीच, रांग तीच, माश्याही त्याच. मी सकाळी आठपासून रक्त तपासायच्या दुर्बिणीला डोळा लावून बसतो आणि संध्याकाळी घरी येऊन डोळ्यांवर ओलं फडकं टाकून पडतो. थकलो बाई. छत्तीस वर्षांचा आहे, पण नंदाबाई म्हणते चाल म्हाताऱ्याची झाली.

सोळा महिने झाले, तुला चार ओळी लिहिल्या नाहीत. दोनदा लिहायला बसलो आणि दोन्हीदा कागद फाडला. आज फाडता येणार नाही. काल तुमच्या गावचा दुधराम बाजाराला आला होता. त्याने सांगितलं की नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात तुझ्या पोरीसाठी, प्रेमिलासाठी खाट मिळाली, येत्या सोमवारी भाऊजी आणि तू तिला घेऊन निघणार, आणि तिथं तिचं पोट उघडून पानथरी, डॉक्टर जिला प्लीहा म्हणतात ती, काढणार. ऐकलं आणि हातातली पिशवी तिथंच खाली ठेवून बसलो.

बाई, ते पोट माझ्या एका आकड्यावर उघडणार आहेत. तो आकडा मला खोटा वाटतो. हेच सांगायला लिहितो आहे, मागचं सारं उगाच लिहिलं.

गेल्या साली श्रावणात तू पोरीला घेऊन आली होतीस, आठवतं ना? धानाची रोवणी चालू होती. पायाला जळवा लागल्या, त्या काढल्या तरी दिवसभर रक्त झिरपत राहिलं, आणि मांड्यांवर काळेनिळे डाग होते. जळू सुटली तरी जखम वाहत राहते, हे आपण लहानपणापासून पाहत आलो. पऱ्ह्यांच्या, धानाच्या रोपांच्या पेंढ्या मांडीवर टेकवून उचलल्या की डागही पडतात. पण दिवाळीनंतर लग्न, म्हणून तू घाबरलीस. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले, रक्तातल्या प्लेटलेट मोज. रक्त थांबवणारे बारीक कण असतात ते, पानथरी बिघडली की ती ते खाऊन टाकते. दीड लाखाच्या वर पाहिजेत.

पोरीचे हात आठ दिवस चिखलात होते. बोटं पांढरी, सुरकुतलेली, थंडगार. मी टोचलं, थेंब येईना. दुसऱ्यांदा सुई पाहून तिचा चेहरा एवढासा झाला. मला दया आली. म्हटलं, कशाला पुन्हा टोचा, आणि तेच बोट मुळापासून टोकापर्यंत दाबत राहिलो. किती वेळ दाबलं असेल! थेंब थेंब करत रक्त नळीत घेतलं. आकडा निघाला छत्तीस हजार.

तू बाजूलाच उभी होतीस. म्हणालीस, "अरे, एवढं दाबून कायले काढून राहिलास? दाबून काढलेल्या रक्तात काय खरं दिसणार हाये?"

कंपाउंडर केशोराव तिथं होता. त्याच्यासमोर मी हसलो. म्हणालो, "बाई, तू धान निवड, रक्त मला पाहू दे." केशोरावही हसला.

पुढचं तुला ठाऊक आहे. भाऊजी सरळ माणूस, त्यांनी माझा कागद फुलचूरच्या सोयऱ्यांना दाखवला. ते म्हणाले, हिचं रक्त थांबत नाही, ही पहिल्या बाळंतपणातच जाईल. लग्न मोडलं. मग तू एकटी माझ्याकडे आलीस. उन्हातून चालत आली होतीस. "भाऊ, एकदा अजून पाहून दे ना," एवढंच म्हणालीस. आणि मी काय म्हणालो? "सात वर्षं हेच करून राहिलो, माझा आकडा चुकत नाही." नंदाबाईने पाण्याचा गडवा पुढे केला, तो तसाच ठेवून तू निघून गेलीस. तुझी पाठ अजून दिसते मला.

भादव्यात आमच्याकडे नवीन डॉक्टरीणबाई आल्या, सुशिलाबाई. लहानखुऱ्या, आणि तोंडाने फटकळ. पहिल्याच आठवड्यात माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. मी एका म्हाताऱ्याचं बोट दाबत होतो. म्हणाल्या, "श्यामलाल, ते बोट आहे की लिंबू?" सगळ्यांसमोर म्हणाल्या. मला राग आला. मग त्यांनी समजावलं. बोट दाबलं की आतल्या मांसाचं पाणी रक्तात उतरतं, रक्त आळायला लागतं आणि ते कण एकमेकांना चिकटून गोळे होतात. गोळा झाला की तो मोजणीत येत नाही. हात थंड असेल तर आधी कोमट पाण्यात धरायचा. टोचलं की पहिला थेंब पुसून टाकायचा, पुढचा आपसूक येईल तेवढाच घ्यायचा. नाहीच आला तर दुसऱ्या बोटाला टोचायचं.

मला पटलं नाही. त्यांना खोटं पाडायला म्हणून मी माझाच हात तासभर विहिरीच्या पाण्यात बुडवला, बोट दाबून दाबून रक्त काढलं आणि मोजलं. बावन्न हजार. मग दुसरा हात शेकला, टोचलं, थेंब आपसूक येऊ दिला. दोन लाख दहा हजार. एकाच माणसाचं रक्त, एकाच सकाळचं.

प्रेमिलाचं रक्त त्या दिवशी काचेवरही पसरून ठेवलं होतं. नाव लिहून कागदात गुंडाळलेली ती काच माझ्या डब्यात होती. कशाला ठेवली होती, मलाच ठाऊक नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती काढून पाहिली. मधोमध तुरळक कण, तेवढेच मी तेव्हा पाहिले होते. काच सरकवत कडेला गेलो तर तिथं थवेच्या थवे. एकाला एक चिकटलेले, गोळेच गोळे. नवेगाव-बांधाच्या तलावात मधोमध जाळं टाकून मासळी नाही म्हणावं आणि सारी मासळी काठाला असावी, तसं केलं मी. बाई, मी तिथंच स्टुलावर बसून रडलो. केशोराव म्हणाला, "क्या हुआ भैया?" मी म्हणालो, डोळ्यात औषध गेलं.

दसऱ्याला कळलं आणि आज नोव्हेंबरची एकोणीस. सव्वा महिना मी गप्प बसलो, हेही लिहून टाकतो. लाज वाटत होती. वाटलं, फुलचूरला आता दुसरी सून आली, गेलेलं काही परत येत नाही, मग कशाला उकरा. पानथरी काढायचं ठरलं आहे हे ठाऊक असतं तर धावत आलो असतो. असं म्हणतो खरा, पण माझा मलाच भरवसा नाही.

आता नीट ऐक. पोरीला आजार नाहीच, असं मी म्हणत नाही. एकदा छातीठोकपणे बोललो ते पुरे झालं. एवढंच म्हणतो की तिचं रक्त अजून कोणी नीट मोजलेलंच नाही. नागपूरला माझा कागद पाहूनच खाट दिली. ते पुन्हा मोजतील न मोजतील, आणि मोजणाराही माझ्यासारखाच असला तर? नागपूरला जायला गोंदियालाच गाडी बदलावी लागते. सोमवारी मी फलाटावर उभा राहतो. दवाखाना चार पावलांवर आहे. सुशिलाबाईंना सारं सांगितलं आहे, माझी चूकसुद्धा. त्या स्वतः टोचतील, स्वतः मोजतील. कोमट पाणी तेवढं मी तापवून ठेवीन. पोरीला माझा हात लागणार नाही. आकडा कमीच निघाला तर मी तुमच्यासोबत नागपूरला येतो आणि ती बरी होऊन उठेपर्यंत तिथंच राहतो. पुरेसा निघाला तर तिथूनच घरी फिरा.

आता पोरी, तुझ्याशी बोलतो. तुमच्या घरात अक्षर वाचणारी तू एकटी. हे सारं तूच आईला मोठ्याने वाचून दाखवत आहेस, हे मला पहिल्या ओळीपासून ठाऊक होतं. म्हणूनच आधी गुडघे आणि खोकला लिहीत बसलो. मामाने भाचीला हाताला धरून बोहल्यावर न्यायचं असतं. मी तुझा हात धरला तो असा. दुधराम सांगत होता, तुला बांधीत उतरू देत नाहीत, विळा धरू देत नाहीत, काचेच्या भांड्यासारखी जपतात. सोळा महिने तू माझा आकडा अंगावर वागवत आहेस. माफी मागण्याचं तोंड मला नाही, तरी मागतो.

आईला वाईट वाटेल म्हणून मधली एखादी ओळ गाळली असशील तर मागे जा आणि वाच. तिने मला तेव्हाच सांगितलं होतं आणि मी हसलो, ती ओळ दोनदा वाच. भाऊजींनाही ऐकव.

सोमवारी मला पाहून तोंड फिरवावंसं वाटलं तर फिरव. बोलू नको, पाया पडू नको. गोंदियाला खाली मात्र उतर.

तुझं बोट दाबणारा,
मामा श्यामलाल