चौथ्या मजल्याची टिक

११ मे, सकाळी ७
सोसायटीचा 'उष्णता समन्वयक' म्हणून माझी एकमताने निवड. दुसऱ्या कोणी हात वर केला नाही, हा भाग वेगळा. लाट असेपर्यंत एकट्या राहणाऱ्यांकडे रोज दुपारी जायचं, पंखा चालतोय का, पाणी पिताहेत का बघायचं, वहीत टिक करायची. आमच्याकडे एकट्या एकच: चौथ्या मजल्यावरच्या बाई. रिटायर्ड टेलिफोन ऑपरेटर, वय अठ्ठ्याहत्तर, अख्ख्या बिल्डिंगचे नंबर तोंडपाठ. वहीला कव्हर घातलं.

१२ मे
गेलो. सगळं ठीक. बाई मला भाऊ म्हणतात; माझा जुना नंबरही म्हणून दाखवला. रोज येतो म्हणून सांगितलं. टिक.

१३ मे, दुपारी १
लिफ्ट बंद. ४३ डिग्री. आरोग्य खात्याचं पत्रक सांगतं, बारा ते चार श्रम टाळा. समन्वयकानेच नियम मोडला तर लोकांनी कोणाकडे बघायचं? काल तर ठणठणीत होत्या. टिक.

१४ मे
पत्रक: भरपूर विश्रांती घ्या. घेतली. टिक. बायकोने विचारलं, वर जाऊन आलात का. म्हटलं, वही बघ.

१५ मे
४४. टिक सकाळीच केली, संध्याकाळी जाणारच होतो. संध्याकाळी गुडघा. आता खोडली तर वही खराब दिसेल.

१६ मे
झाडूवालीला बाई दारात पडलेल्या सापडल्या. हॉस्पिटल, सलाइन. घरातला पंखा बंद पडलेला. दुपारचं जेवण गेलं नाही. रात्री थोडं गेलं, त्याचीही लाज वाटली.

१८ मे
बाई शुद्धीवर. म्हणतात, पंखा तेरा तारखेलाच बंद पडला, कोणी आलंच नाही, सांगायला मी भाऊंची वाट बघत होते. सेक्रेटरींनी डॉक्टरांना माझी वही दाखवली. डॉक्टर म्हणाले, उन्हाने गोंधळ होतो, पण सलग तीन दिवस पुसले जाणं बरं नाही. कागदावर लिहिलं: स्मरणशक्तीची तपासणी. मी बोलायला तोंड उघडलं. नर्सला वाटलं तहान लागली. पाणी प्यायलो.

२० मे
बाई घरी. मुलगी त्यांना कायमचं आपल्या गावी नेणार, आईला आता एकटं ठेवणं बरं नाही म्हणते. माझे आभार मानले. नोटीस बोर्डावर माझं कौतुक लागलंय. उद्या सगळं कबूल करायचं. ठरलं.

२१ मे, संध्याकाळी ६
लिफ्ट चालू असूनही जिन्याने गेलो. खोलीभर खोकी. फ्रिजवर कागद, ठळक अक्षरात: '१३, १४, १५. भाऊ येऊन गेले. पाठ करणे.'
बाई हळूच म्हणाल्या, "भाऊ, मला खरंच आठवत नाही हो. किती वाजता यायचात तेवढं सांगा, म्हणजे तपासणीत चुकायला नको."
"एकच्या सुमारास," मी म्हणालो.
त्यांनी लिहून घेतलं. पेन मीच दिलं.
उद्या नक्की सांगतो. सकाळीच, ऊन चढायच्या आत.

२२ मे, सकाळी ९
गेलो. कुलूप. वॉचमन म्हणाला, गाडी सहालाच गेली, ऊन चढायच्या आत पोचायचं होतं त्यांना.
बाईंचा नंबर माझ्याकडे नाही. सगळ्यांचे नंबर त्यांनाच पाठ होते.