जाताना दीड तास, येताना साडेचार

आप्पा, तुम्हाला भुसावळच्या गाडीचं वेळापत्रक कधी कळलं नाही, आणि विमानाचं कळतं म्हणून मिरवायचात. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, दोन हजार साल तोंडावर आलं, तरी ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

माझा भाऊ दुबईला शिलाईच्या कारखान्यात लागला, तेव्हा एजंटाने दिलेला विमानाच्या वेळांचा कागद तुम्ही ठेवून घेतलात. मुंबईहून सकाळी सात, दुबईला साडेआठ. झालं. सुरतेत उधन्याला, तुमच्या लूमच्या कारखान्याबाहेर चहाच्या लारीवर तोच कागद दाखवायचात. लूमवर दहा मीटर कापड उतरत नाही तोवर माझं पोरगं परदेशात, म्हणायचात. परतीचं मात्र तिथून नऊला सुटायचं आणि इथे दीडला उतरायचं. साडेचार तास. कोणी विचारलं असं कसं, तर येताना वारा समोरून असतो, सायकलीला नाही का लागत, हे तुमचं उत्तर. बाकीचे कारागीरही माना डोलवायचे, तेही तसलेच. मग पोरगा दिवाळीला आला नाही की वारा, आईच्या वर्षश्राद्धाला आला नाही की वारा. मी सासरहून, भेस्तानहून शटल रिक्षात कोंबून घेऊन रोज डबा आणायचे, जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. तो वेळ तुम्ही कधी मोजला नाहीत. भाकरी गार झाली, एवढं मात्र रोज ऐकवलंत.

तुम्ही खाटेवर पडलात तेव्हा एसटीडी बूथवरून मी त्याला फोन लावला. म्हटलं, आप्पांचं काही खरं नाही, ये. तो म्हणतो, "बघतो गं, इथे आत्ता साडेअकराच झालेत, शेठ जेवायला गेला की विचारतो." बूथमधल्या घड्याळात एक वाजला होता. चौथीत शाळा सुटली माझी, पण एवढं मला उभ्या उभ्या कळलं. त्यांचं घड्याळच दीड तास मागे. जाताना दीड तास लपतो, येताना तोच वाढतो. खरे तीनच, जायलाही आणि यायलाही.

तशीच तणतणत तुमच्याकडे आले. काय म्हणाला विचारलंत, आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणालात, "त्याले लांब पडस." मग मी सगळं तोंडावर सांगितलं. घड्याळ, तीन तास, वाराबिरा काही नाही, त्याला यायचंच नाही.

"तुले आज समजनं का?" म्हणालात, आणि पाणी मागितलंत.

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. मी तुम्हाला अडाणी समजत होते, तुम्ही लबाड निघालात, तेही त्या नालायकासाठी. माझ्यासाठी एवढं नेटाने खोटं बोलल्याचं मला एकदाही आठवत नाही. तो शेवटपर्यंत आला नाही. अग्नी तुमच्या जावयाने दिला.

एक मात्र कबूल करते. त्या दिवशी खरं सांगायचं म्हणून मी आले नव्हते, तुम्हाला लागावं म्हणून आले होते. लागलं नाही, म्हणून तुम्हाला ताटकळत ठेवून, पाणी द्यायच्या आधी मी डबा घासून घेतला.