आजोबा प्रोसेसर, जवान कार्ड

४ नोव्हेंबर

कार्ड आलं! माझा लेक एर्मेक कोरियात ज्या कारखान्यात आहे, तिथला एक मित्र सुट्टीवर इकडे आमच्या गावी, टोकमोकला आलाय, त्याच्या हाती पाठवलं. ट्रकच्या खेळाची नवी आवृत्ती आमच्या जुन्या ग्राफिक्स कार्डावर चालेचना. तेव्हापासून मायलेकरांची भेट नाही. भेट म्हणजे खेळातलीच — त्याचा ट्रक पुढे, माझा मागे, कानाला हेडफोन. फोनवर हा पोरगा ‘बरा आहे, जेवलो’ याच्यापुढे जात नाही. स्टिअरिंग हातात आलं की मात्र तोंड उघडतं. बापही असाच होता.

शेवटच्या वेळी म्हणाला, ‘आई, एक सांगायचंय—’ आणि खेळ बंद पडला. फोन केला तर म्हणे, ‘खेळताना सांगेन.’ काय असेल? तिकडेच कायमचा राहणार असेल. दुसरं काय! जिवाला घोर लागलाय.

५ नोव्हेंबर

सासूबाईंनी कार्डाला लोणी लावलं!!

नवी वस्तू घरात आली की लोण्याचं बोट लावून आशीर्वाद द्यायचा, ही त्यांची रीत. शिलाई मशीन, फ्रीज, कोणी सुटलं नाही. मी चहा टाकायला गेले तेवढ्यात बाईंनी नेमकं कॉम्प्युटरच्या आत खोचायच्या सोनेरी पट्टीवर बोट फिरवलं. ‘तिकडेच तोंड असेल असं वाटलं गं.’ मी कपाळाला हात लावला.

दुपार स्पिरिटने पुसण्यात गेली. त्या शेजारी बसून पुटपुटत होत्या, ‘लोण्याने कधी कुणाचं वाईट झालंय?’

६ नोव्हेंबर

कार्ड लागलं! पण हे काय? चित्र लख्ख, आणि ट्रक मात्र अडखळतोय. चालतो, थबकतो, एकदम उडी मारतो. एर्मेकचा आवाजही तुटक — ‘आई... ते... आता मी...’ पुढे नुसती खरखर. ‘परत सांग!’ म्हणून ओरडले. तर म्हणे, ‘राहू दे, नीट चालू झालं की बोलू.’

चित्राचा दर्जा अगदी खाली आणला. काडीचा फरक नाही. थोडी रडले.

८ नोव्हेंबर

कॉम्प्युटर घेऊन बाजारात गेले. दुरुस्तीवाल्या राविलने झाकण उघडलं आणि हसायलाच लागला. ‘ताई, कार्ड जवान आहे आणि प्रोसेसर आजोबा! आजोबा एकेक घास भरवणार, हा बिचारा अर्धा वेळ उपाशी.’

‘आजोबा बदल मग.’

‘बदलायचे तर बोर्ड बदला, मेमरी बदला. सगळं घरच नवं बांधा की!’

त्याला म्हटलं, चित्राचा दर्जा कमी करून पाहिला. ‘उलटं केलंत! ते काम कार्डाचं. त्याला भरपूर द्या. आजोबांचं काढून घ्या.’

आजोबांचं काम कुठलं, ते विचारेपर्यंत दुसरं गिऱ्हाईक येऊन बसलं. घरी आले.

९ नोव्हेंबर

भांडी घासताना डोक्यात आलं. बस डेपोत जन्म काढला मी गाड्या सोडण्यात. बस कितीही नवी असो, सोडणारा गोंधळला की सगळ्या फाटकात उभ्या! रस्त्यावरची प्रत्येक गाडी कुठे वळेल, कुठे थांबेल, हा हिशेब आजोबाच करत असणार. मग गाड्याच कमी करायच्या!

रहदारी शून्यावर आणली. पडद्यावर चित्रं बदलण्याच्या वेगालाही मर्यादा घातली — उगाच धावू नये, एकसारखं चालावं. चित्राचा दर्जा मात्र पार वर. आणि चालला! माझा ट्रक लोण्यासारखा... नको, लोण्याचं नाव नको. छान चालला.

एर्मेकला कळवलं. उद्या तो लवकर सुटतोय. आता काय असेल ते ऐकायचं. तिकडेच राहणार म्हणाला तरी रडायचं नाही, असं ठरवलंय.

१० नोव्हेंबर

आवाज स्वच्छ. रिकाम्या रस्त्यावर आम्ही दोघंच. म्हटलं, ‘बोल बाबा आता.’ आणि हेडफोनमध्ये रडणं — इवलंसं, तान्ह्या बाळाचं!

‘आई, न विचारता लग्न केलं, रागावू नकोस. तुझी नात आहे. आपल्या रीतीप्रमाणे चाळीस दिवस भरले की तिचं तोंड दाखवतो. तोवर आवाज ऐक.’

मी भर रस्त्यात ट्रक उभा केला आणि सासूबाईंच्या कानाला हेडफोन लावला.