रिबूने मानलेले आभार

रविवार, करंजाडे

संध्याकाळच्या प्रार्थनेत आमची नात रिबू रोज एका दमात म्हणते, "अन्नाबद्दल, वस्त्राबद्दल, घराबद्दल आभार, आमेन." पाढे म्हटल्यासारखं. आज मीच म्हणालो, "पोपटपंची नको बाळा, मनातलं सांग देवाला."

तिने डोळे मिटले. "प्रभू येशू, आजोबा दुपारी झोपतात म्हणून तुझे आभार. तेव्हा मला मोबाईल मिळतो."

सूनबाई ओढणीत तोंड लपवून हसली. माझी मात्र उचलली जीभ लावली टाळ्याला. "देवाशी चेष्टा करतेस?"

पोरगी एवढीशी झाली. लगेच पुन्हा सुरू, "अन्नाबद्दल, वस्त्राबद्दल..."

खरं बोल म्हणायचं आणि बोलली की दटावायचं, हा कुठला न्याय? उद्या ती देवालाही घाबरायला लागली तर? मोबाईलचं काय ते नंतर बघू.

म्हणालो, "चुकलो गं. तुझी मघाचीच प्रार्थना खरी होती. अजून काही सांगायचंय का देवाला?"

"हो. पण तुम्ही ऐकायचं नाही, आजोबा."

मग ओंजळीत तोंड घालून ती कितीतरी वेळ पुटपुटत होती. मला एक शब्दही कळला नाही. आमेन मात्र मीच सगळ्यांत मोठ्याने म्हणालो.