हाकेचा मृदंग

मधलीवाडी, ता. संगमेश्वर
३ ऑगस्ट २०२५

ती. प्रभाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बाबांनी मृदंग का सोडला? परवा मंडळाच्या सभेत कोणीतरी मला हे विचारलं, म्हणून तुला विचारते आहे. आपल्या मंडळाला यंदा पन्नास वर्षं होतात. घरात पदवी घेतलेली मी पहिली, म्हणून स्मरणिकेसाठी इतिहास लिहायचं काम अध्यक्ष भागोजीकाकांनी माझ्याच गळ्यात घातलं. तुला फोनवर नीट ऐकू येत नाही, तेव्हा पत्रच लिहिते आहे.

किती मोठं काम केलंय गं या माणसांनी! शिमग्यात नमनाचे खेळ करणारी हीच आणि पावसात आजाऱ्याची डोली उचलणारीही हीच. रस्ता नव्हता तेव्हा कोणी आजारी पडलं की देवळातल्या मृदंगावर थांबून थांबून पाच ठोके द्यायचे, आणि ऐकेल त्याने हातातलं काम टाकून धावायचं. घरटी एक माणूस. पन्नास वर्षांत एकही हाक वाया गेली नाही, असं मी लिहून टाकलंय. लिहिताना मलाच भरून आलं.

फक्त शहाण्णवच्या शिमग्यापासून वादकांच्या यादीत बाबांचं नाव नाही. विचारलं तर मनगट दुखायचं म्हणतात. त्याच मनगटाने अजून लाकडं फोडतात! शाळेतल्या खिचडीच्या कामातून सवड काढ आणि ठाऊक असेल ते कळव.

माया आहे तशीच ठेव.
तुझी दीप्ती


हेदवी
१४ ऑगस्ट २०२५

चि. दीप्तीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. अक्षर सुरेख, पण मुंगीएवढं. चष्मा पुसून पुसून वाचलं.

पोरी, तुझ्या इतिहासातलं एक वाक्य खरं नाही. पंच्याण्णवच्या आषाढात आम्ही तुमच्याच वाडीत राहत होतो, आणि सगळी माणसं भातलावणीला खाली मळ्यात होती. घरामागच्या दगडी गडग्यापाशी यांना पान लागलं, नाग डसला. सासूबाईंना यांच्याजवळ बसवून मी देवळात धावले. बाईने मृदंगाला हात लावायचा नाही, हे मलाही माहीत होतं. लावला. थांबून पाच ठोके द्यायचे, हे काही सुचलं नाही. हात चालले तसा बडवला. कोणी आलं नाही. संध्याकाळी माणसं मळ्यातून वर आली तेव्हा हे गेलेले होते.

मागाहून माणसं म्हणाली, आम्हाला वाटलं पोरं बडवतायत. मग बाईचा हात लागला म्हणून मृदंगाला नवं कातडं चढवलं. ते तुझ्या कागदांत तारखेसकट असेल. यांचं नाव नसेल.

दादाला दोष देऊ नकोस. लहानपणी गोठ्यामागे चोरून मला मृदंग शिकवणारा तोच. माझा हात त्याने शंभरांत ओळखला असता. तेव्हा तो पलीकडच्या टोकाला असणार, त्याला ऐकूच गेलं नसणार. तीस वर्षं मी एवढ्या एका गोष्टीवर काढली. मृदंग त्याने माझ्या दुःखाने सोडला असेल.

माझं नाव छापू नकोस. यांचं घालता आलं तर बघ. नुसतं हरिश्चंद्र लिहिलंस तरी पुरे. दादाला मिरची कमी करायला सांग.

आठवण काढत जा, मी काढतेच.
आत्या


मधलीवाडी
३० ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. ते पडवीत दोरी वळत होते. तुझ्या शेवटच्या ओळींपाशी त्यांचे हात थांबले. म्हणाले, की ऐकू गेलं होतं. हातही लगेच ओळखला होता. त्यांना वाटलं, देऊळ रिकामं बघून प्रभाला जुनी हौस आली. दोघंतिघं बघायला म्हणून बांधावर चढलीही होती. ती माणसं वर गेली तर तू मृदंगापाशी सापडशील, गावात तुझी शोभा होईल, म्हणून बाबाच हसून म्हणाले की पोरं आहेत, परत फिरा. माणसं परत फिरली.

तुला वाचवायला गेले गं ते.

इतिहासात माझी हवी तेवढी बेअब्रू कर म्हणाले, पण प्रभाला हे कळवू नकोस. पाया पडतो म्हणाले. मला.

चार दिवस हे पत्र लिहून लिहून फाडलं. तुझ्याकडे जे एक उरलंय, ते काढून घेणारी मी कोण? कॉलेजात शिकले की खरं लिहावं. ते ज्याला वाचायचं त्याचं काय होतं, हे कोणी शिकवलं नाही. पण तुझ्या भल्यासाठी खरं काय ते दाबायचं, हे आपल्या घरात एकदा झालंय. मला ते पुन्हा करवेना.

मजकूर वाचून भागोजीकाका भडकले, की तुला इतिहास लिहायला सांगितला होता, पंचनामा नाही. मग चष्मा काढून ठेवला. त्या दिवशी बांधावर चढलेल्यांत तेही होते. शेवटी म्हणाले, छापायचंच तर खाली तुझं नाव घाल.

घातलं. ‘एकही हाक वाया गेली नाही’ हे वाक्य खोडलं. आतोबांचं नाव आहे. तू नको म्हणालीस म्हणून तुझ्या जागी नुसतं ‘त्यांची पत्नी’ आहे. बाबांचं नाव आहे आणि त्यांनी काय केलं तेही आहे. बाबा माझ्यासमोर जेवत नाहीत. ताट वाढलं की उचलून मागीलदारी जातात.

छापील पानातून तुला कळू नये, माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. सगळे कागद आज सकाळी देवरूखला जाऊन छापखान्यात देऊन आले.

राग असो की लोभ, मला दोन्ही हवेत.
तुझी दीप्ती