दिलरुक्षी मॅडमची भेट

कोलंबो

प्रिय आप्पा,

तुम्हाला आणि आईला लेकीचा मनापासून जय भीम. मी सुखरूप आहे. इथे जेवणात नारळ फार, पण भात असतो म्हणून निभतंय. तुमचं बीपी कसं आहे? टिटवाळ्यात पाणी नीट येतंय ना?

शेजारच्या देशांचे पोलीस इथे जमलेत. इंटरनेटवरून तरुणांची माथी भडकवून त्यांना घातपाताकडे ओढणाऱ्यांना मिळून कसं रोखायचं, यावर बैठक आहे. काल ठाण्याच्या आमच्या पथकातर्फे मी बोलले, डोंबिवलीच्या त्या मुलीबद्दल.

तिला फितवणाऱ्याचा माग इथल्या पोलीस अधिकारी दिलरुक्षी मॅडमनी काढला आणि आम्हाला कळवलं. ती घर सोडून त्याच्याकडे जाणार, त्याच दिवशी आम्ही तिच्या दारात पोचलो. बेड्या नाहीत, आरडाओरडा नाही. तिच्या आईला शेजारी बसवून तिला बोलतं केलं.

मॅडमना मी पहिल्यांदाच भेटले. त्यांनी आधी विचारलं, "ती कशी आहे?"

"परत कॉलेजला जाते," मी म्हटलं.

त्यांनी मला घट्ट जवळ घेतलं. "इथल्या अशाच एका मुलीपर्यंत आम्ही उशिरा पोचलो," म्हणाल्या.

शेजाऱ्यांना खुशाल सांगा, मुलगी कोलंबोत बोलली म्हणून. फक्त अनोळखी फोन घेऊ नका आणि दाराला कडी लावत जा. काही झालेलं नाही, आपलं सांगतेय.

आज सगळ्या देशांनी मान्य केलं, की अशा फितवलेल्या मुलांबद्दलचा निरोप कागदपत्रांची वाट न बघता थेट फोनवर द्यायचा. आप्पा, ठाण्याचा तो फोन माझ्याकडे दिलाय.

तुमची,
रचना