मनगटाची खूण

२ जानेवारी १९७८

शेठ हो म्हणाले – अर्धवट. खिडकीकडची एक रांग माझी. महिनाभर त्या रांगेत कुणी धोट्याला तोंड लावायचं नाही, धागा माझ्या आकड्याने ओढायचा. जमलं तर साऱ्या कारखान्यात आकडे. "आणि नाही जमलं तर चंद्राबाई, तुम्ही आपल्या वर बसून कापड तपासा. खाली लूमवर नको."

आकडा साधा आहे. बारीक पोलादी तार, टोकाला वळण, लाकडी मूठ. धोट्याच्या – आडवा धागा नेणाऱ्या लाकडी नावेच्या – डोळ्यातून आत घालायचा, धागा पकडायचा, बाहेर काढायचा. इथे सगळे डोळ्याला ओठ लावून श्वास ओढतात. धाग्याबरोबर कापसाची धूळ छातीत जाते. शिफ्ट बदलली की तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडात. याच रांगेतला पंढरी रक्त थुंकून राहनाळला गावच्या घरी पडला आहे. तो घरी गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचा धोटा कुणीतरी ओठाला लावला – न पुसता. ते पाहिलं आणि शेठकडे गेले.

५ जानेवारी

आकडा कसा धरायचा ते रांगेला दाखवलं. हसले. "बाय, उद्या भात पन सुईनंच खायाचा का?"  मग अनंतादादा पुढे आले. पंढरीचे थोरले भाऊ, रांगेत सगळ्यांत जुने. आकडा घेतला, धागा ओढला. "बायनं केलाय. वापरायचा."

सगळ्यांनी घेतला.

टेक्स्टाइल डिप्लोमाच्या वर्गात मी एकटीच मुलगी होते. तिथे माझ्या बाजूने असं कुणी उभं राहिल्याचं आठवत नाही.

९ जानेवारी

रांग उत्तम. मी जाते तेव्हा प्रत्येकाच्या हातात आकडा. कापड थोडं कमी निघतं – हात बसला की वाढेल.

लूमच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून सगळं हातांनी चालतं. आमचे जॉबर इस्माईलभाई लूम दुरुस्त करता करता खुणा शिकवतात. ओठाशी अंगठा म्हणजे चहा. कपाळावर हात, टोपी सारखी केल्यासारखा – शेठ आले. मनगटावर दोन बोटं म्हणजे किती वाजले, ही मात्र मी आपली आपण ओळखली. रांगेत शिरले की कुणी ना कुणी विचारतंच. घड्याळ माझ्या एकटीच्या हातात. मी बोटांनी वेळ सांगते, ते मान डोलावतात.

रांग मला आपली मानू लागली आहे. हे लिहिताना बरं वाटलं.

१४ जानेवारी

संक्रांत. अनंतादादांनी घरून तिळाचे लाडू आणले. पहिला मला दिला. "घे बाय. गोड बोल. आज तरी धोट्याचं काय बोलू नको." सगळे हसले. मीही.

२३ जानेवारी

आज मागच्या दाराने आत गेले. पुढच्या दाराशी सुताच्या पेट्या उतरत होत्या, एवढंच कारण.

अनंतादादांच्या तोंडाला धोटा होता. त्यांच्या पुढच्याच्याही. सगळ्या रांगेच्या. आकडे लूमच्या चौकटीवर टांगलेले.

मी पुढे आले. शेवटच्या लूमवरच्याने मला पाहिलं आणि मनगटावर दोन बोटं ठेवली. त्याच्या पुढच्यानेही ठेवली. खूण रांगेतून पुढे गेली तसे आकडे हातात आले. अनंतादादांनी खूण केली तेव्हा ते माझ्याकडेच बघत होते.

खूण वेळेची नव्हती. खूण माझी होती.

आणि मी रोज बोटं वर करून वेळ सांगत होते!

इस्माईलभाईंना गाठलं. ते गोंधळले. "मॅडम, सबको मालूम था. हम समझे आपको भी मालूम है, मजाक में टाइम बताती हो."

२४ जानेवारी

गेले. काम केलं. घड्याळ घरी ठेवलं होतं.

२५ जानेवारी

शेठने वर बोलावलं. "कापड कमी का? कोण आडवं येतंय? नाव द्या, त्याला आजच घरी बसवतो."

अनंताचं नाव जिभेवर होतं. तो लाडू आठवत होता. म्हटलं, "महिना संपला की सांगते." का, ते मलाही नीट माहीत नाही. दया नव्हती ती.

२७ जानेवारी, शुक्रवार

सुट्टी, लूम बंद. राहनाळला गेले. जायचं असं ठरवलं नव्हतं.

अंगणात खाटेवर पंढरी. माणूस अर्धा झाला आहे. मला पाहून त्याने मनगटावर दोन बोटं ठेवली. "बाय, किती वाजलं?" आणि हसता हसता खोकला लागला. म्हणजे इथपर्यंत पोचलं होतं!

अनंता ओटीवर बसले होते. उठले नाहीत. मी उभ्यानेच विचारलं – सगळ्यांच्या देखत आकडा आधी तुम्ही हातात घेतलात. का?

त्यांनी पंढरीच्या खाटेकडे बघितलं. मग, "आकड्यातून धागा सुटतो. लूम उभा ऱ्हातो, मजुरी बुडते."

"मग सांगायचं."

"तुला? तू आमच्या पंढरीसाठी करतंस. शेठला फसवताना काय वाटत न्हाय, बाय. तुला फसवताना लाज वाटायची. पन तोंडावर 'न्हाय चालत' म्हनायची लाज त्याहून जास्त."

चहा आला. मी घेतला नाही.

एसटीत बसले तरी राग उतरला नव्हता. अजून आहे. लाज वाटते म्हणून माणूस तीन आठवडे खोटं वागतो, हे मला पटत नाही. पण माझं वाक्य आठवत होतं. मी रोज रांगेत विचारायचे, "समजलं ना?" "चालतो का?" असं एकदाही विचारलं नाही. आणि आकडा मी टेबलावर करून पाहिला. लूमवर शिफ्टभर कधीच नाही.

२८ जानेवारी

अनंतांकडे त्यांच्या शेजारचे दोन लूम मागितले. पदर खोचला, वर डगला चढवला. रांग बघत होती. कुणी हसलं नाही, ते जास्त लागलं.

आकडा चालतो. सावकाश.

२९ जानेवारी

बोटं सुजली. तारेचं वळण फार उघडं आहे, धागा निसटतो. इस्माईलभाई, "मोड दूँ जरा?" वळण वाकवून दिलं. किंचित बरं.

३१ जानेवारी

एका लूमवर धागा तुटला, तेवढ्यात दुसऱ्यावरच्या धोट्यातली सुताची कांडी संपली. धोटा तोंडाला होता. माझ्या. कधी नेला कळलं नाही. जिभेवर धूळ, खळ. आकडा डगल्याच्या खिशात होता.

समोरून अनंतादादांनी कपाळावर हात नेला. टोपी सारखी केल्यासारखा. माझ्यासाठी.

मी धोटा खाली घेतला. शेठ रांगेत आले. कानाशी तोंड आणून ओरडले, "चालतो ना आकडा?"

सगळे माझ्याकडे बघत होते. ऐकू कुणालाच जाणार नव्हतं, म्हणून मान हलवली – सगळ्यांना दिसेल अशी.

नाही.